एक चाकू, एक माणूस आणि ४ वर्षं ४ महिने : खऱ्या रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट

खिशात चाकू बाळगणाऱ्या शौकिनांचं एक वेगळंच जग आहे. कुणाकडे दहा चाकू असतात, कुणाकडे पन्नास. आज हा, उद्या तो, अगदी शर्ट बदलावा तसा चाकू बदलतात. मग त्यांच्यातलाच एखादा वैतागून ठरवतो की बास झालं, आता पुढचे काही महिने एकच चाकू. सफरचंद त्यानेच कापायचं, पार्सल त्यानेच फोडायचं आणि धार गेली तर दुसरा काढायचा नाही, त्यालाच धार लावायची.

आपल्या पणजोबांना यात काही विशेष वाटलं नसतं. चंचीतला अडकित्ता एकदा घेतला की तो जन्मभर पुरायचा. पण ज्यांच्या कपाटात पन्नास चाकू आहेत त्यांच्यासाठी हा संकल्प अवघड असतो, कारण दुसरा चाकू हाताच्या अंतरावर असतो.

आता कल्पना करा, की दुसरा चाकू नाहीच. दुकान नाही, लोहार नाही, शेजारी नाही. सगळ्यात जवळची माणसं ६०० किलोमीटरहून जास्त लांब, आणि मध्ये समुद्र. खायचं असेल तर चाकू लागणार, कपडे हवे असतील तर चाकू लागणार आणि तो झिजला तर काय, याचं उत्तर कुणाकडेच नाही.

३०० वर्षांपूर्वी एका माणसावर ही वेळ आली होती. त्याचं नाव अलेक्झांडर सेल्कर्क. जगभरात ज्याच्या गोष्टी लहान मुलं वाचतात त्या रॉबिन्सन क्रूसोमागचा खरा माणूस म्हणून त्याला ओळखतात. गंमत अशी, की क्रूसोच्या गोष्टीपेक्षा सेल्कर्कची गोष्ट जास्त अवघड आहे.

तर सुरुवातीपासून सांगतो.

चांभाराच्या घरातला सातवा मुलगा

स्कॉटलंडच्या फाइफ भागात समुद्राकाठी लोअर लार्गो नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. १६७६ साली तिथे सेल्कर्कचा जन्म झाला. वडील जॉन हे कातडी कमवायचे आणि जोडे शिवायचे. घरात मुलांची रांग, त्यात हा सातवा मुलगा. चामडं कसं सोलायचं, कसं कापायचं, टाका कुठे घालायचा हे त्याने लहानपणापासून घरात पाहिलेलं. पुढे हेच पाहणं त्याच्या कामी येणार होतं, पण तेव्हा त्याला बापाच्या धंद्यात रस नव्हता. त्याला समुद्रावर जायचं होतं.

पोरगं रागीट होतं. त्या काळात स्कॉटलंडमधल्या गावांवर चर्चचा मोठा वचक असायचा. कोण कसं वागतं याची चौकशी चर्चची सभा करायची, साधारण आपल्याकडच्या गावपंचायतीसारखी. १६९५ मध्ये चर्चमध्ये असभ्य वागल्याबद्दल सेल्कर्कला या सभेपुढे बोलावलं. पण तो आलाच नाही. बोलावणं पोहोचेपर्यंत पठ्ठ्या समुद्रावर निघून गेला होता.

काही वर्षांनी तो घरी परतला, पण स्वभाव तोच. १७०१ मध्ये त्याने चुकून खाऱ्या पाण्याचं भांडं तोंडाला लावलं आणि धाकटा भाऊ अँड्र्यू हसला. एवढ्यावरून घरात हाणामारी झाली आणि ती थांबवायला आलेल्यांनाही प्रसाद मिळाला. पुन्हा चर्चची सभा बसली. या वेळी मात्र त्याला सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करावी लागली.

अशा माणसाचं गावात काय होणार? पुढच्या संधीला तो पुन्हा समुद्रावर गेला.

सरकारी परवान्याचे चाचे

तेव्हा युरोपात स्पेनच्या गादीवर कुणी बसायचं यावरून मोठं युद्ध पेटलं होतं. इंग्लंड एका बाजूला, फ्रान्स आणि स्पेन दुसऱ्या बाजूला. अशा वेळी इंग्लंडचं सरकार खासगी जहाजांना परवाना द्यायचं. शत्रूची जहाजं लुटा, त्यातला वाटा ठेवून घ्या. परवाना असेल तर तो खासगी योद्धा, नसेल तर चाचा. काम मात्र तेच.

विल्यम डॅम्पियर हा त्या काळचा नावाजलेला दर्यावर्दी आणि लेखक. त्याच्या नेतृत्वाखाली १७०३ मध्ये दोन जहाजं निघाली. त्यातलं मोठं होतं सेंट जॉर्ज आणि छोटं होतं सिंक पोर्ट्स. सिंक पोर्ट्सवर सेल्कर्क सेलिंग मास्टर होता. म्हणजे जहाजाची दिशा, नकाशे, शिडं यांची जबाबदारी त्याच्याकडे. चांभाराचा मुलगा २७ व्या वर्षी या जागेवर पोहोचला, यावरून त्याला काम येत होतं हे नक्की.

पण मोहीम फसत गेली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून जहाजं प्रशांत महासागरात आली. वाटेत सिंक पोर्ट्सचा कप्तान मेला आणि त्याच्या जागी थॉमस स्ट्रॅडलिंग नावाचा तरुण अधिकारी आला. सेल्कर्कचं आणि त्याचं पटेना. फ्रेंच जहाज हातातून निसटलं, पनामाजवळची सोन्याची मोहीम फसली. शेवटी दोन्ही जहाजांचे रस्तेही वेगळे झाले.

१७०४ च्या सप्टेंबरमध्ये सिंक पोर्ट्स हुआन फर्नांदेस बेटांपैकी एका बेटाला लागलं. चिलीच्या किनाऱ्यापासून हे बेट साधारण ६७० किलोमीटर लांब आहे. गोडं पाणी, जळण, रानटी शेळ्या असं सगळं मिळत असल्याने जहाजं इथे थांबायची. कायमची वस्ती मात्र कुणाचीच नव्हती.

इथेच सेल्कर्क अडून बसला.

त्याचं म्हणणं साधं होतं. लाकडी जहाजांना समुद्रात एक प्रकारचे किडे लागतात. ते तळाचं लाकूड आतून पोखरतात. वरून फळी धड दिसते आणि आतून तिची चाळण झालेली असते. सिंक पोर्ट्सची तीच गत झाली होती, पाणी आत येत होतं. दुरुस्ती न करता पुढे जाणं म्हणजे मरण आहे, असं त्याला वाटत होतं. कप्तान ऐकेना. वाद इतका टोकाला गेला की अशा जहाजातून जाण्यापेक्षा मी इथेच राहतो, असं सेल्कर्क म्हणून बसला.

स्ट्रॅडलिंगने त्याचं म्हणणं शब्दशः घेतलं आणि त्याला सामानासकट किनाऱ्यावर उतरवलं.

आपल्यामागे आणखी काही खलाशी उतरतील अशी सेल्कर्कला आशा असावी. एकही उतरला नाही. होडी परत निघाली तेव्हा त्याचा धीर सुटला आणि त्याने परत घेण्यासाठी विनवण्या केल्या. कप्तानाने मागे वळून पाहिलं नाही.

गाठोड्यात काय काय होतं?

ही यादी महत्त्वाची आहे, कारण पुढची सव्वाचार वर्षं याच वस्तूंवर निघाली. अंगावरचे आणि बदलायचे कपडे, अंथरूण, एक बंदूक, साधारण अर्धा किलो दारू आणि थोड्या गोळ्या, तंबाखू, एक कुऱ्हाड, एक चाकू, एक किटली, बायबल, काही पुस्तकं आणि दिशा मोजायची उपकरणं.

आता यातलं काय किती दिवस टिकणार ते बघा. तंबाखू काही आठवडे. बंदुकीची दारू काही महिने, तीही जपून वापरली तर. कपडे वर्षभर. पुस्तकं आणि उपकरणं टिकतील, पण त्यांनी पोट भरत नाही. रोज उठून हातात घ्यावीत अशी हत्यारं उरली दोनच, कुऱ्हाड आणि चाकू. कुऱ्हाड मोठ्या कामाची. बारीकसारीक सगळं चाकूवर.

इथेच क्रूसो आणि सेल्कर्कमधला फरक कळतो. कादंबरीतल्या क्रूसोला फुटलेलं जहाज मिळतं. त्यातून तो सुताराची पेटी, बंदुका, दारूची पिंपं, शिडाचं कापड असं संसाराचं सामान तराफ्यावर घालून आणतो. नंतर त्याला फ्रायडे नावाचा सोबतीही मिळतो. सेल्कर्कचं जहाज फुटलंच नव्हतं. ते त्याच्या डोळ्यांसमोर निघून गेलं होतं.

पहिले आठ महिने

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. एकटेपणाची भीती आणि उदासी यांनी त्याला इतकं घेरलं, की त्यातून बाहेर यायला सुमारे आठ महिने लागले. भूक असह्य होईपर्यंत तो काही खायचा नाही. एक तर दुःख, आणि दुसरं म्हणजे ना मीठ, ना भाकरी. समुद्रात मासे भरपूर होते, पण मिठाशिवाय ते त्याच्या पोटाला मानवायचे नाहीत. शेवंडं मात्र चालायची. कोकणातल्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल, पण रोज तीच, बिनमिठाची खायची असतील तर वेगळी गोष्ट.

तो किनाऱ्यालगतच राहायचा, कारण जहाज आलं तर दिसलं पाहिजे. पण विणीच्या हंगामात सी लायनचे कळपच्या कळप किनाऱ्यावर आले. त्यांच्या आरडाओरड्यामुळे त्याला बेटाच्या आतल्या भागात सरकावं लागलं. नाइलाजाने झालेल्या या स्थलांतराने त्याचं भलं झालं. आत शेळ्या होत्या, रानात उगवलेले सलगम होते. माडाच्या कुळातलं एक झाड होतं, ज्याच्या शेंड्याचा कोवळा गाभा कोबीसारखा खाता यायचा. मिरीसारखी तिखट फळंही होती. मीठ नसलं तरी चव आली.

त्याने दोन झोपड्या उभ्या केल्या. एक स्वयंपाकाला, दुसरी झोपायला आणि प्रार्थनेला. खांब झाडांचे, छत लांब गवताचं, आतून शेळीच्या कातड्याचं अस्तर. आग पेटवायला तो लाकडाचे दोन तुकडे गुडघ्यावर एकमेकांवर घासायचा. आपल्याकडे यज्ञासाठी अरणी घासून अग्नी काढतात, साधारण तोच प्रकार. तेच लाकूड उजळ जळायचं, त्यामुळे रात्री दिवा म्हणूनही चालायचं.

रात्री उंदीर यायचे. जहाजांमधून उतरलेल्या उंदरांनी बेट भरलं होतं आणि ते झोपेत त्याचे पाय कुरतडायचे. जहाजांमधूनच उतरून रानटी झालेल्या मांजरांना त्याने मांस घालून माणसाळवलं. हळूहळू मांजरांचा थवा त्याच्याभोवती झोपू लागला आणि उंदरांचा प्रश्न मिटला. शेळीची करडंही पाळली. त्यांच्यासोबत तो गायचा, नाचायचा. बायबल मोठ्याने वाचायचा, म्हणजे निदान स्वतःचा आवाज तरी कानावर पडेल.

चाकू काय काय करत होता?

बंदुकीची दारू संपली आणि खरी परीक्षा सुरू झाली. आता शेळ्या धावून पकडायच्या. बेट डोंगराळ, कड्यांचं. पायातले जोडे कधीच फाटले होते. अनवाणी धावून तळवे इतके टणक झाले की दगडांचं काही वाटेना. पुढे तो इतका वेगवान झाला, की शेळीला गाठून शिंगं धरायचा आणि खांद्यावर टाकून आणायचा. त्याने ठेवलेल्या हिशोबाप्रमाणे त्याने ५०० शेळ्या मारल्या. आणि जवळपास तेवढ्याच पकडून, कानाला खूण करून सोडून दिल्या.

५०० शेळ्या. हा आकडा जरा चाकूच्या बाजूने बघा. प्रत्येक शेळी सोलायची, फाडायची, मांस कापायचं. कातडं खरवडून साफ करायचं. कपडे फाटले तेव्हा त्याच कातड्याचा अंगरखा आणि टोपी केली. कातड्याच्याच बारीक वाद्या कापल्या आणि खिळ्याने भोकं पाडून त्या वाद्यांनी शिवण घातली. जवळ थोडं कापड होतं, त्याचे सदरे शिवले. त्यासाठी सुई म्हणजे पुन्हा तो खिळा आणि दोरा म्हणजे जुने मोजे उसवून काढलेली लोकर. लोअर लार्गोच्या घरात बापाला पाहून जे डोक्यात बसलं होतं, ते इथे हातात उतरलं.

आणि मन रमवायला तो झाडांच्या खोडांवर स्वतःचं नाव कोरायचा. आपल्याला कधी इथे सोडलं आणि इथे येऊन किती काळ झाला, हेही कोरायचा. म्हणजे त्याचं स्वयंपाकघर, शिवणकाम, कॅलेंडर सगळं त्या एका पात्यावर चाललं होतं.

चाकूचं एक गणित असतं. धार लावणं म्हणजे दगडावर घासून पात्याचं थोडंसं पोलाद काढून टाकणं. दर वेळी केसाएवढं जातं, म्हणून ते लक्षात येत नाही. आपल्या घरातली जुनी सुरी आठवा. घेताना रुंद असते आणि वीस वर्षांनी तिची काडी झालेली असते. सेल्कर्कच्या चाकूला इतकं काम होतं की ही वीस वर्षं त्याने काही वर्षांतच उरकली. पातं झिजत झिजत पाठीपर्यंत पोहोचलं. मग चाकू संपला.

पिंपाच्या पट्टीचा चाकू

बेटावर येणारी जहाजं पाण्याची लाकडी पिंपं किनाऱ्यावर आणायची. त्यातली मोडकी इथेच पडायची. लाकूड कुजून जायचं आणि फळ्यांना आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या तेवढ्या उरायच्या. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीने तो कचरा.

सेल्कर्कने त्या पट्ट्या उचलल्या, ठोकून पातळ केल्या आणि दगडावर घासून त्यांना धार काढली. जमतील तसे चाकू तयार झाले.

हे वाटतं तेवढं सोपं नाही. चाकूचं पोलाद आणि पिंपाच्या पट्टीचं लोखंड यात मोठा फरक असतो. पोलादात कार्बनचं प्रमाण नेमकं असतं, म्हणून ते तापवून पाण्यात विझवलं की कडक होतं आणि धार धरून ठेवतं. त्या काळचं पट्ट्यांचं लोखंड मऊ. त्यात कार्बन जवळपास नाहीच. ते कितीही तापवून विझवलं तरी कडक होत नाही. ठोकल्याने थोडा कडकपणा येतो, तेवढाच. म्हणजे या चाकूंना धार यायची आणि लगेच जायची. पुन्हा दगड, पुन्हा घासणं. पण जिथे काहीच नाही, तिथे बोथट होणारा चाकूही चाकूच.

यात एक विलक्षण योगायोग आहे. याच बेटावर सेल्कर्कच्या वीसेक वर्षं आधी आणखी एक माणूस एकटा राहिला होता. मध्य अमेरिकेतल्या मिस्कितो जमातीचा विल. १६८१ मध्ये स्पॅनिश जहाजं येताना दिसली म्हणून इंग्रज चाच्यांनी घाईत नांगर उचलला, तेव्हा विल रानात शिकारीला गेला होता. तो मागे राहिला. जवळ एक बंदूक, एक चाकू, थोडी दारू. दारू संपल्यावर त्याने चाकूच्या पात्याला दाते पाडून करवत केली. त्या करवतीने बंदुकीची नळी कापली. तुकडे तापवून, ठोकून त्याचे भाले, गळ आणि एक लांब चाकू बनवला. तीन वर्षांहून जास्त काळ तो तिथे टिकला. १६८४ मध्ये त्याला सोडवायला आलेल्या जहाजावर कोण होतं माहितीये? विल्यम डॅम्पियर. ही हकिकत त्यानेच आपल्या पुस्तकात लिहून ठेवली.

एक कडा, एक झाड आणि थोडं नशीब

एकटं राहताना आजारपणापेक्षा अपघाताची भीती मोठी असते. एकदा शेळीमागे धावताना सेल्कर्क झुडपांनी झाकलेल्या कड्यावरून शेळीसकट खाली कोसळला. साधारण दिवसभर बेशुद्ध पडून होता. शुद्धीवर आला तेव्हा शेळी त्याच्या खाली मरून पडली होती. म्हणजे तिच्या अंगावर पडल्यामुळे तो वाचला. दीडेक किलोमीटरवरच्या झोपडीपर्यंत तो कसाबसा सरपटत गेला आणि पुढचे दहा दिवस तिथून हलू शकला नाही.

जहाजं आली नाहीत असं नाही. दोनदा आली, पण ती स्पॅनिश निघाली. इंग्रजांच्या बाजूचा खलाशी हाती लागला तर ते त्याला मारतील किंवा खाणीत गुलाम म्हणून राबवतील, ही भीती त्याला होती. एकदा त्यांनी त्याला पाहिलं, गोळ्या झाडल्या, पाठलाग केला. तो झाडावर चढून बसला. शिपाई त्याच झाडाखाली थांबले, लघवी केली, आसपास शेळ्या मारल्या आणि वर न बघता निघून गेले.

१७०९ : किनाऱ्यावर जाळ

१७०९ च्या जानेवारीअखेर बेटाजवळ दोन जहाजं दिसली. ड्यूक आणि डचेस. कप्तान होता वूड्स रॉजर्स. सेल्कर्कने मोठा जाळ केला. जहाजावरच्यांना वाटलं, किनाऱ्यावर शत्रू आहे. रात्रभर ते सावध राहिले. २ फेब्रुवारीला होडी किनाऱ्यावर गेली आणि परत आली ती भरपूर शेवंडं आणि कातडी पांघरलेला एक माणूस घेऊन.

त्याला नीट बोलता येत नव्हतं. न वापरून भाषा विसरली होती, शब्द अर्धे तुटायचे. दारू दिली तर नको झाली. जहाजावरचं जेवण बरेच दिवस उतरेना. पायात जोडे घातले तर पाय सुजले.

आणि या जहाजांवर वाटाड्या म्हणून कोण होतं? पुन्हा विल्यम डॅम्पियर. सिंक पोर्ट्सवरचा हा सगळ्यात चांगला माणूस, अशी ग्वाही त्याने दिली आणि रॉजर्सने सेल्कर्कला लगेच अधिकाऱ्याच्या जागी घेतलं. जहाजावर बरेच खलाशी स्कर्व्हीने आजारी होते. त्यांच्यासाठी तो रोज दोन-तीन शेळ्या पकडून आणायचा. मदतीला चपळ खलाशी आणि एक बुलडॉग दिला होता. सेल्कर्कने माणसांनाही मागे टाकलं आणि कुत्र्यालाही.

मग सिंक पोर्ट्सचं काय झालं? सेल्कर्कला उतरवल्यावर ते काही काळातच बुडालं. बरेच जण गेले. स्ट्रॅडलिंग आणि मोजके खलाशी वाचले, पण स्पॅनिशांच्या हाती सापडून लिमाच्या तुरुंगात गेले. किड्यांनी पोखरलेल्या तळाबद्दल सेल्कर्कचा अंदाज बरोबर होता. ज्या हट्टापायी त्याला गावात शिक्षा झाली होती, त्याच हट्टाने त्याचा जीव वाचवला.

परत आला, पण आला का?

पुढे रॉजर्ससोबत त्याने ग्वायाकिलवर छापा घातला आणि मनिलाहून खजिना घेऊन येणारं एक स्पॅनिश जहाज पकडण्याच्या मोहिमेत तो होता. जगाला प्रदक्षिणा घालून १७११ च्या ऑक्टोबरमध्ये तो इंग्लंडला पोहोचला. घर सोडून आठ वर्षं झाली होती. वाट्याला साधारण ८०० पौंड आले, तेव्हा ही मोठी रक्कम होती.

१७१२ मध्ये रॉजर्सचं प्रवासवर्णन आलं आणि सेल्कर्क प्रसिद्ध झाला. रिचर्ड स्टील या लेखकाने त्याची गाठ घेऊन १७१३ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला. आपण त्या बेटावर, काहीच नसताना, आतापेक्षा सुखी होतो अशी त्याची भावना स्टीलने नोंदवली आहे.

जुना राग मात्र तसाच होता. १७१३ मध्ये ब्रिस्टलला मारहाणीचा आरोप झाला. तो लोअर लार्गोला परतला, पण तिथेही मन लागेना. घराच्या मागे गुहेसारखी जागा करून तो एकटाच बसायचा, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सोफिया ब्रूस नावाच्या तरुणीसोबत तो लंडनला गेला. पुढे नौदलात भरती झाला आणि १७२० मध्ये प्लिमथला फ्रान्सेस नावाच्या विधवेशी लग्न केलं. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेवर दोघींनी हक्क सांगितला.

दरम्यान १७१९ च्या एप्रिलमध्ये डॅनियल डीफोची रॉबिन्सन क्रूसो ही कादंबरी आली. डीफोने बेट कॅरिबियनकडे हलवलं आणि मुक्काम २८ वर्षांचा केला. शेळीच्या कातड्याचे कपडे मात्र तसेच ठेवले.

सेल्कर्क तेव्हा जिवंत होता. १३ डिसेंबर १७२१ रोजी, चाच्यांचा बंदोबस्त करायला पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या वेमथ या नौदलाच्या जहाजावर साथीच्या तापाने त्याचा मृत्यू झाला. वय ४५. त्याला समुद्रातच दफन केलं.

आज त्याच्या बेटाचं नाव रॉबिन्सन क्रूसो बेट आहे. १९६६ मध्ये चिलीने हे नाव दिलं. त्याच द्वीपसमूहातल्या दुसऱ्या, जिथे तो राहिलाच नाही त्या बेटाला सेल्कर्कचं नाव मिळालं. लोअर लार्गोत त्याचा कातडी कपड्यातला पुतळा आहे. त्याची पेटी एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. २००५ मध्ये बेटावर उत्खनन झालं, तेव्हा चुलीच्या आणि खांबांच्या खुणांसोबत दिशा मोजायच्या उपकरणाचा एक छोटा तुकडा सापडला.

चाकू कुठेच नाही. तो संग्रहालयात नाही, कारण तो उरलाच नव्हता. त्याने तो पूर्ण वापरला.

पन्नासातला एक चाकू निवडून पुढचे काही महिने तोच वापरायचं ठरवणाऱ्यांना कदाचित हेच हवं असतं. वस्तू सांभाळून ठेवणं वेगळं आणि ती शेवटपर्यंत वापरणं वेगळं. तुमच्या स्वयंपाकघरात जर आजीच्या काळापासूनची, झिजून काडी झालेली एखादी सुरी असेल, तर तिच्याकडे एकदा नीट बघा. गेलेलं पोलाद कुणाच्या तरी जेवणासाठी खर्च झालंय.